आळशी अ‍ॅप

"उघडतंय का गं, की चहा पिऊन येऊ?" सरांनी विचारलं आणि अख्खी कॉम्प्युटर लॅब हसली. स्नेहसंमेलनाचं अ‍ॅप माझं होतं. कालपर्यंत ते सुसाट उघडायचं. मग मी त्यात शाळेचे सगळे फोटो भरले आणि ते फुगूनच बसलं.

नवीन आलेली जुईली माझ्या खुर्चीत बसली. माझ्या! तिने चार ओळी बदलल्या आणि अ‍ॅप चुटकीसरशी उघडलं.

"सगळे फोटो आधीच कशाला आणायचे?" ती म्हणाली. "ज्या फोटोवर बोट ठेवू, तेवढाच आणेल. आळशी केलं त्याला."

"शाब्बास! स्टेजवर तूच दाखव," सर म्हणाले. माझा नुसता जळफळाट झाला.

"नाही हं सर," जुईली म्हणाली, "अ‍ॅप तिचं आहे. तीच दाखवेल."

शी! धड जळूही देत नाही ही मुलगी!