चपट्या वेलाचं कोहळं

कृष्णरावांचं धोतर शेजारच्या जनाबाईंच्या परसातल्या वाडीच्या काटेरी तारेत अडकलं होतं. पोटाशी चार किलोचं कोहळं होतं. भर दुपार होती, जनाबाई भजनाला गेल्या होत्या, आणि बासष्ट वर्षांचा हा माणूस वाडीत शिरत होता तो चोरायला नव्हे, चोरून ठेवायला.

दोष सगळा वेलाचा. यंदा जनाबाईंच्या कोहळ्याच्या वेलाला काय अवदसा आठवली कोण जाणे, दांडा गोल वाढायचं सोडून चपटा वाढला. चांगला चार बोटं रुंद झाला, लुगड्याच्या काठासारखा. त्यावर फुलंच फुलं. अर्धं शहापूर गाव बघून गेलं. कृषी सहायकानेही फोटो काढले आणि सांगितलं, "कोंबातच बिघाड झाला की दांडा असा पसरतो. लाखात एखादा. पण फळाची आशा धरू नका, काकू."

गाव हसलं. कृष्णराव मात्र रोज कुंपणावरून वेल न्याहाळू लागले.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली जनाबाईंचे यजमान तुलाराम वारले. कृष्णरावांचा जिवलग दोस्त. बाईने अख्खं कोहळं फोडू नये, पहिला घाव पुरुषाचा, ही गावची रीत, आणि जनाबाई रीतीच्या पक्क्या. दर वर्षी कोहळं पिकलं की त्या कुंपणापाशी येऊन हाक मारायच्या, "कृष्णराव, कोहळं फोडून देता काय जी?" कृष्णराव एक घाव घालायचे आणि तेवढ्या कष्टावर संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून त्याच कोहळ्याची तळलेली गरम बोंडं हाणायचे. त्या विधुर माणसाच्या वर्षातला तोच खरा सण. आता कोहळं नाही तर हाक नाही. तेरा वर्षं आपण त्या एका हाकेवर जगतो आहोत, हे त्यांना या मेल्या वेलामुळे कळलं.

धोतर टर्रकन फाटलं. कृष्णराव सुटले, वेलापाशी वाकले, पानं बाजूला सारली.

तिथे एक कोहळं आधीच होतं.

त्याचा वाळका देठ सुतळीने चपट्या दांड्याला बांधला होता. सालीवर खडूची फुली होती. भाजीवाली धुरपता विकलेल्या मालावर काढते तशी. तशीच फुली कृष्णरावांच्या कोहळ्यावरही होती. त्यांना आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि ते एकटेच असे हसले की कोहळं हातातून सुटता सुटता राहिलं.

"काय करून राहिले जी तिथं?"

मागे जनाबाई उभ्या होत्या. त्यांनी कृष्णरावांचं कोहळं पाहिलं, आपलं पाहिलं, फाटलेलं धोतर पाहिलं. मग तोंडाला पदर लावला, पण खांदे गदगदायचे थांबेनात.

"तुमच्या वेलाले कोहळे लागले," कृष्णराव म्हणाले. "दोन लागले."

"मंग फोडा ना!"

जनाबाईंनी घरातून विळा आणून दिला. कृष्णरावांना हसू असं आवरेना की विळा सालीवरून नुसता घसरत राहिला. एकदा, दोनदा, तीनदा. जनाबाईंनी तो त्यांच्या हातून काढून घेतला आणि एका घावात कोहळ्याची दोन शकलं केली.

कृष्णराव बघतच राहिले. "अन् रीत वो?"

जनाबाई शकलं उचलून चुलीकडे निघाल्या होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "आमचे हे होते, तवाही मीच फोडत होती जी."