चौदा की साडेचौदा

"चहा ठेवा तिथं, आणि माझी बायको कुठाय ते सांगा, बाई," मास्तर म्हणाले.

बाईंनी कप शिलाई मशीनवर ठेवला आणि डॉक्टरांकडे बघितलं. "ऐकलंत? दवाखान्यातून आणल्यापासून हेच. आठ दिवस झाले."

मास्तर शिंपी. फळीवरचा तागा काढताना स्टुलावरून पडले, डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. टाके निघाले, पण बायको हरवली. समोर होती ती हुबेहूब तीच. नाक तेच, हनुवटीवरचा तीळ तोच. तरी ती नव्हती. का, ते त्यांनाच धड सांगता येईना.

"मास्तर, मेंदूला उजवीकडे मार बसलाय," डॉक्टर म्हणाले. "चेहरा ओळखू येतो, पण त्याबरोबर जी माया दाटून येते ना, तिची तार तुटलीय. मग मेंदू म्हणतो, ही तोतया. कुणाला मार लागून होतं, कुणाला झटका येऊन. तुम्ही वेडे नाही."

"वेडा नाही, मग खोटाही नाही," मास्तर तडकले. "तिचा खांदा साडेचौदा. ह्यांचा चौदा. मला इथून दिसतंय. माणूस रोडावतं, खांद्याचं हाड नाही रोडावत."

"अहो, मग मापच घ्या की," बाई म्हणाल्या. "वही आहे ना तुमची?"

मापाच्या वहीवर मास्तरांचा जीव. माप बदललं तर जुन्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी नवं लिहायचं. पुसायचं नाही. माप पुसलं म्हणून एका कारागिराला त्यांनी भर दुपारी हाकलून दिलं होतं.

त्यांनी टेप लावला. चौदा.

डॉक्टरांनी वहीतलं बायकोचं पान उघडून बोट ठेवलं. "खांदा, चौदा. पुढे अर्ध्याची खूणही नाही."

मास्तरांनी चष्मा पुसून बघितलं. पेन्सिलीचं अक्षर त्यांचंच. म्हणजे आपलंच डोकं फिरलंय. घरच्या माणसाला आठ दिवस परकं केलं.

"चुकलो गं," ते हळूच म्हणाले. "तू जेवलीस का?"

बाईंनी डोळे टिपले. "आधी गोळी घ्या."

त्यांनी मुकाट्यानं गिळली. डॉक्टर गेले. बाई कप विसळायला आत गेल्या. मास्तरांनी वही मिटायला उचलली, तर पानांच्या खाचेतून मळकट चुरा मांडीवर सांडला. त्यांनी तो चिमटीत धरून चोळला. रबराचा होता.

दुकानात खोडरबर कधी नव्हताच.