टकली सरकी

जनाने पदराची गाठ सोडली आणि दोन सरक्या सासूच्या तळहातावर ठेवल्या. एकीला पांढरा कापूस चिकटलेला होता. दुसरी काळी, गुळगुळीत, नदीतल्या खड्यासारखी.

"ही अशीच निघाली," जना म्हणाली. "कोणी सोलली नाय तिला."

धोंडूबाई तिची सासू, आणि सख्खी आत्यासुद्धा. भावाची पोर तिनेच हट्टाने सून करून आणली होती. आठ वर्षांत जनाला दोन मुलं झाली. मंगळी सहा वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. दोघांनाही जन्मतः जावळ होतं. चार महिन्यांत ते गळालं, मग भुवया गेल्या, आणि पुन्हा काही उगवलंच नाही. शाळेत मंगळीशेजारी कोणी बसत नव्हतं. पोटुशी असताना जना सिद्धगडच्या रानात नको तिथून चालली, असं धोंडूबाई गावभर सांगायची. आज सकाळी तिने जनाचं बोचकं बांधून दारात ठेवलं होतं.

जना मुरबाडजवळ एका जाळीच्या शेडमध्ये रोजाने जायची. तिथे कापसावर संशोधन चालायचं. संध्याकाळी कळी सोलून तिचे पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग तिला लावायचे, देठाला रंगीत दोरा बांधायचा. तीन हंगाम ती तेवढंच करत होती. टकल्या सरकीचं झाड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, आपलाच हात चुकला. तिथलं संशोधन बघणाऱ्या नम्रता मॅडम म्हणाल्या, हात नाही, जनुक. फूल उमलतं त्याच दिवशी सरकीच्या सालीवर धागे फुटायला लागतात. ते फुटवणारं जनुकच या झाडात मोडलेलं आहे. टाकायच्या ढिगातली एक सरकी मॅडमनी तिला दिलीही.

"हिच्या झाडाचे आईबाप दोन्ही चांगले कापसाचे होते, आते," जना सांगत होती. "पण मोडकं जनुक दोघांच्या पोटात होतं. एकाकडनं आलं तर कळत नाय, झाकलेलं राहतं. दोन्हीकडनं आलं तरच असं झाड निघतं."

"मग?"

"मग माझ्या एकटीचं नाय. माझ्या बापाकडनं मला आलं, तुमच्याकडनं तुमच्या लेकाला आलं. तुमी दोघं भाऊबहीण. घर एकच."

धोंडूबाईने हातातल्या सरक्या जमिनीवर ठेवल्या. मग ती उठली आणि दारातलं बोचकं स्वतःच उचलून आत घेऊन गेली. जनाला कित्येक दिवसांनी भूक लागली.

तिचा नवरा भगीरथ उंबऱ्यावर बसून ऐकत होता. त्याने तिला कधी मारलं नव्हतं, शिवीही दिली नव्हती. त्याने काळी सरकी उचलली आणि बोटांत फिरवली.

"आणि हिच्या झाडाला बाहेरच्या झाडाचे पराग लावले तर?"

जनाने मागच्या हंगामात तेच केलं होतं. त्या बियांची चाळीस झाडं उगवली. चाळीसच्या चाळीस पांढरीशुभ्र फुटली.

खोटं बोलायचं तिला सुचलं नाही.

"मग कापूस येतो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

भगीरथने मान हलवली आणि तो बैल सोडायला गेला.

म्हसा गावची जत्रा उरकली, त्यानंतरच्या रविवारी आटगावकडून कमळू आला. त्याची मुलगी रुपा भगीरथला द्यायची बोलणी चालली होती. जनाला घालवायचं नाही, ती पोरांचं बघत राहील, हे भगीरथने आधीच कळवलं होतं. अंगणातली मुलं पाहिल्यावर कमळूने चहाची बशी तोंडाला न लावताच खाली ठेवली.

"पोरगी माझी भितेय," तो म्हणाला.

"दोष कोणाचाच नाय," भगीरथ म्हणाला. "नात्यात केलं म्हणून तसं झालं. जनाला सगळं ठावं हाय. जना गो, बाहेर ये. पावण्यांना नीट समजवून सांग."

जना बाहेर आली. डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी उभी राहिली आणि तिने सांगितलं. फूल, पराग, एकीकडचं, दोन्हीकडचं. काही गाळलं नाही. शेवटी चाळीस झाडंही सांगितली. मंगळी तिच्या लुगड्याला धरून ऐकत होती.

"नक्की ना, बाय?"

"मी माझ्या हातानं केलंय."

कमळूचा चेहरा मोकळा झाला. त्याने बशी उचलली आणि चहा संपवला.

"तुझ्यासारखं दुसऱ्या कोणाला सांगता यायचं नाय," तो म्हणाला. "लग्नात बायका कुजबुजणार. तू मांडवातच थांब, त्यांना असंच सांग. फक्त ही दोन पोरं तेवढी पुढं आणू नको."

जनाने मंगळीला आपल्या पाठीमागे सारलं.

"तारीख कदीची धरलीय?" तिने विचारलं. "मला शेडवर सुट्टी सांगायला लागंल."