हिरवा ठिपका

प्राचार्यांच्या मागे लागून लागून मी चामोर्शीच्या आमच्या कॉलेजात लेझरपुढे बसवायचं एक छोटं, मोटरवर चालणारं शटर मागवलं. ते नेमकं किरणाच्या वाटेत बसवायचं, बटण दाबलं की ते उघडतं आणि समोरच्या पांढऱ्या कागदावर हिरवा ठिपका पडतो. काम एवढंच, पण भाषण द्यायला मला कारण लागत नाही. लेझरसाठीचा खास चष्मा एकच होता. हिरव्या उजेडाला तो आत येऊच देत नाही, हे मुलांना फळ्यावर चित्र काढून समजावलं, चष्मा स्वतः चढवला, मुलांना मागच्या बाकांवर बसवलं आणि बजावलं, "मी काम करून राह्यलो तोवर मधात कोणी बोलाचं नाई."

बटण दाबलं. शटर टक्कन उघडलं, पण कागद कोराच. शटर वर केलं, खाली केलं, सगळे स्क्रू पिळून पाहिले, तरी कागद कोराच. शेवटी घाम पुसत नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला आणि भर वर्गात त्याला झापलं.

"मुजफ्फर सर बोलून राह्यलो. काऊन जी, चामोर्शीले काहीही खपते असं वाटते का तुमाले? हे नकली भंगार वापस घेऊन जा."

फोन ठेवला तर मागून दीपिकाने हात वर केलेला. कधीपासून केला होता कोण जाणे.

"हं, बोल आता."

 

"सर, ठिपका तर पहिल्याच बटणाले पडला होता जी. चष्मा मात्र एकदम असली आहे तुमचा."