बांधलेला

"एवढ्या मोठ्या रानाला कुंपण कुठवर घालू? साखळीच बरी," असं म्हणत रोहिदासने कुत्र्याला गोठ्याजवळच्या बाभळीला बांधलं. शेळ्यांमागे धावतो म्हणून शेजाऱ्याने त्याला विष घालायची धमकी दिली होती. बिबट्याच्या भागात कुत्रं बांधून ठेवू नये, असं त्याची बायको इंदुमती म्हणत राहिली. पण तिच्याकडेही दुसरा उपाय नव्हता.

दिवस मावळताना ती वैरण आणायला निघाली, तोच भुंकणारा कुत्रा एकदम गप्प झाला. तो जमिनीला चिकटून उसाकडे बघत होता. उसाच्या कडेला बिबट्या दबून बसला होता.

इंदुमतीच्या मागे घराचं दार उघडंच होतं. तरी ती पुढे सरकली. घाईत साखळीची कडी निघेना, तेव्हा तिने गळ्यातला पट्टाच सोडला. कुत्रा तिला तिथेच टाकून घरात पळाला. बिबट्या उठून उभा राहिला. त्याच्यावरची नजर न काढता ती हळूहळू मागे येत राहिली. कुत्रा आत घुसलेला पाहून दारात आलेल्या रोहिदासने तिला खेचून आत घेतलं आणि कडी लावली.

"वेडी आहेस का? कुत्र्यापायी जीव गेला असता!" तो ओरडला.

"त्याला पळता येत नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "आपणच बांधलं होतं."

रोहिदासने कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सगळं रान राहू दे. उद्या घरापुरती जाळी मारू. वरूनसुद्धा."