खिडकीजवळची सीट

नांदुऱ्याच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरण्यात माझा हात कोणी धरत नाही! परवाही मीच पहिली होते. पण सीटवर कोणाचा तरी निळ्या काठाचा रुमाल आधीच पडलेला, ओला आणि गारठलेला. मी तो बाहेर भिरकावला आणि ऐटीत बसले.

गाडी हलली, तर रुमाल माझ्या मांडीवर.

"कोणाचा वं हा?" शेजारी बसलेल्या, माझ्याच वर्गातल्या इरानं विचारलं.

"तुह्या नवऱ्याचा!" मी तो तिच्या मांडीवर फेकला. दोघी खूप हसलो.

मग ती म्हणाली, "मले थंडी वाजून राह्यली वं."

कंडक्टर आला. मी पास दाखवला.

"पोरी, बाजूची सीट मोकळी काऊन ठेवली? मावशीले बसू दे."

मी वळले. सीट रिकामी होती. गाडी तर अजून कुठं थांबलीही नव्हती.

"इरा कुठं गेली?" मी मागे बसलेल्या समीक्षाला विचारलं.

"कोण इरा?"

शाळेत हजेरी झाली. माझा नंबर बारा होता, आता अकरा झालाय.

आज समीक्षा माझ्या शेजारी बसलीय, मांडीवर वही उघडून. आणि माझ्या मांडीवर तोच ओला रुमाल.

"काऊन पाहून राह्यली माह्याकडे?" ती हसून म्हणाली.

"काही नाही वं. हे धर जरा."

तिनं धरला.