निळे गुलाब

लेकीला उठून बसताही येत नव्हतं, तेव्हा विहारातल्या बायका आळीपाळीने दवाखान्यात थांबल्या होत्या. ती बरी झाल्यावर यमुनाने पौर्णिमेच्या वंदनेची फुलं आणायचं काम आपल्याकडे मागून घेतलं. साधी नकोत म्हणून पांढरे गुलाब रात्रभर निळ्या रंगाच्या पाण्यात ठेवले.

रंग सुरेख चढला, पण सकाळी सगळ्यांनी माना टाकल्या होत्या. साध्या पाण्यात राहिलेला एक पांढरा तेवढा ताठ होता.

विहाराच्या दारात ती लेकीसोबत थबकली. "वच्छलाताई, रंगानेच गेली फुलं. परत नेते."

पूजेची मांडणी करणाऱ्या वच्छलाताईंनी टोपली घेऊन फुलं बुद्धमूर्तीपुढे मांडली.

"हे फूल कोमेजेल तसा देहही, असं फुलं वाहताना गाथेत म्हणतो ना आपण? दरवेळी ताज्या फुलांपुढे म्हणतो, आज कोमेजलेली बघत म्हणू. आणि लेकीला पुढे आण. आता ताठ बसता येतं तिला."